अनलिमिटेड जैन



महिला मंडळाच्या गेल्या बैठकीत क्षमावणीच्या स्नेहभोजनाचा विषय निघाला. सगळ्यांचे हात वर असताना माझा एकटीचा हात मांडीवर राहिला. त्यावरून बरीच कुजबुज झाली आहे आणि ती माझ्यापर्यंत पोचलीही आहे. ज्या बैठकीला नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. ठराव असा होता की यंदा नेहमीच्या पंगतीऐवजी बुफे ठेवायचा, साडेपाच ते साडेसात, सहा काउंटर, त्यातला एक जपानी. ‘जैन सुशी’. कांदा, लसूण, बटाटा काही नसेल अशी कॅटररची हमी, ताटामागे ८५० रुपये. मी नाही म्हटल्यावर एक जण म्हणाली, "काकू, तुम्ही आधी खाऊन तरी बघा!"

खाऊन बघितलं आहे गं. मे महिन्यातच बघितलं. हात वर गेला नाही तो त्यामुळेच.

मे महिन्यात आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली. १९८५ साली सांगलीहून लग्न होऊन नौपाड्यात आले, तेव्हापासून वाढदिवसाला घरी पुरणपोळी आणि संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, एवढाच आमचा रिवाज. या वेळी बंगळुरूहून मुलाने आणि सूनबाईंनी परस्पर घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमधल्या जपानी हॉटेलात आमच्या दोघांचं टेबल धरलं, पैसेही भरून टाकले. सूनबाईंनी आधी फोन करून "जैन मिळतं का?" हे विचारून घेतलं होतं. मिळतं म्हणाले. मुलीने इतक्या मनापासून केलेलं, नाही कसं म्हणायचं? माणशी १,५९९ आणि वर कर, दोघांचे ३,३५८ रुपये. मी बी.कॉम. आहे, पदार्थाआधी आकडा बघायची सवय जात नाही.

मी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. खरं तर दोन घटका आधीच आवरायला हवं. मी सूर्यास्तापर्यंतची सूट घेते, हे तुमच्यापासून लपवत नाही. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सात वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो आणि त्यांचा बुफे उघडणार साडेसहाला. म्हणजे जेमतेम अर्धा तास माझ्या हातात. ह्यांचा नेम अष्टमी-चतुर्दशीपुरता. त्यामुळे गोखले रोडवरून रिक्षा करून नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा असं अडकत आम्ही पोचलो तेव्हा ठरलं होतं की मी सातला थांबायचं आणि ह्यांनी सावकाश जेवायचं. एका अर्थी हे बरंच झालं. अर्धा तास मी जेवले आणि नंतरचा दीड तास नुसती बघत बसले. एरवी बुफेत कुणाला बघायला वेळ असतो?

आत गेल्या गेल्या पाटी होती, ६४ पदार्थ. प्रत्येक भांड्याशी टाचणीला लावलेल्या कागदी झेंड्या. लाल म्हणजे मांसाहारी, हिरवी म्हणजे शाकाहारी आणि पिवळ्या झेंडीवर ठळक अक्षरांत ‘जैन’. पिवळ्या झेंड्या मी मोजल्या, १९ होत्या. काकडीची सुशी, आंब्याची सुशी, तळलेल्या भाज्या, थंड टोफू, मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, मिसो सूप, आणखी बरंच काही. शेंगा आणि टोफू मला खरंच आवडले. शेंगा तर थेट आपल्याकडे उकडून खातात तशा लागल्या. जपानी लोकांच्या खाण्यावर माझा काही राग नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण पिवळ्या झेंडीखाली काय काय होतं ते ऐका. सुशीच्या ताटाच्या कडेला गुलाबी पाकळ्यांसारखं रचलेलं ओलं आलं. तळलेल्या भाज्यांच्या वाटीत पांढऱ्या मुळ्याचा कीस. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात फळ थोडं आणि घात फार म्हणून जे सोडायला सांगितलं, त्यात मुळा आणि ओलं आलं नाव घेऊन आहेत. पाठशाळेत बसलेल्या कुणालाही आठवेल. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांनी जणू जपानी ताट समोर ठेवूनच यादी केली की काय, असं वाटून मला हसूच आलं. त्या हिरव्या वसाबीच्या गोळीचंही तेच. अस्सल असेल तर जमिनीलगतचं खोड, आणि जपानबाहेर बहुतेक ठिकाणी असते ती एका तिखट मुळाची पूड, मोहरी आणि हिरवा रंग.

सुशी ज्या काळ्या कागदात गुंडाळतात ती नोरी. ती समुद्रातलं शेवाळ आहे, पातळ पसरून वाळवलेलं. शेवाळ, बुरशी, अळंबी हे आपण अनंतकायात धरतो. बटाटा नको म्हणून हॉटेलात भांडणाऱ्या आपण बायका शेवाळात गुंडाळलेला भात ‘जैन’ म्हणून उचलतो, कारण त्या यादीत शेवाळ लिहायचं कुणाला सुचलंच नाही. आपल्या आज्यांनी शेवाळ पाहिलं ते विहिरीच्या पायरीवर. ते कुणी ताटात वाढेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

सूप वाढणारा मुलगा दार्जिलिंगकडचा, विशीतला, फार गोड. त्याला विचारलं, सूप कशाचं आहे? तो आत जाऊन विचारून आला. म्हणाला, "मॅडम, व्हेज है, मशरूम का स्टॉक है." मग त्यावर जैन झेंडी कशी? तो गोंधळला. "मॅडम, हमको यही सिखाया है. जैन मतलब प्याज-लसून नहीं, आलू-गाजर नहीं."

त्याला हे कोणी शिकवलं? त्याच्या साहेबांनी. साहेबांना कोणी शिकवलं? आपण. गेली तीस वर्षं हॉटेलात जाऊन आपण दुसरं काय सांगितलं आहे? पावभाजीच्या गाडीवर, पिझ्झाच्या दुकानात, विमानात, सहलीच्या बसमध्ये आपण ‘जैन’ म्हणतो आणि समोरचा कांद्याचं भांडं बाजूला सरकवतो. अडीच हजार वर्षांचा धर्म आपण बाजारात एवढ्याशा कामाला लावला. त्या पोराची त्यात काहीच चूक नाही, आणि त्या हॉटेलचीही मला फारशी दिसत नाही.

जपानच्या सहलीला जाणाऱ्या खूप जणी आहेत म्हणून एक सांगून ठेवते. तिथलं नेहमीचं मिसो सूप बहुधा वाळवलेल्या माशाच्या पातळ पापुद्र्यांच्या पाण्यात करतात. वर तरंगताना काही दिसत नाही, म्हणून शाकाहारी समजून पिऊ नका. त्यांच्या बौद्ध मठांत मात्र वेगळा स्वयंपाक असतो, त्याला शोजिन म्हणतात. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. कोया डोंगरावरच्या मठांत उतरलेल्या पाहुण्यांनाही तेच वाढतात. दोगेन नावाच्या त्यांच्या आचार्यांनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली आहे. पण त्या स्वयंपाकात समुद्री शेवाळ आणि अळंबी चालतात. त्यांची अहिंसेची रेघ तिथे आहे, आपली इथे. त्यांनी त्यांची पाळावी, आपण आपली.

आता तुम्ही म्हणाल, काकू, एवढंच ना? कॅटररला सांगू, आलं नको, मुळा नको, शेवाळाऐवजी सोयाबीनचा कागद लाव. तसा कागद मिळतो. भात, काकडी, आंबा, पनीर. झाली शुद्ध जैन सुशी. मग तरी हात वर कराल का?

नाही करणार. माझं खरं भांडण इथूनच सुरू होतं, आणि ते सुशीशी नाही.

सात वाजता मी हात धुतले आणि बघत बसले. ह्यांचं वय ६८, बँकेतून निवृत्त, पंधरा वर्षं साखरेची गोळी. घरी दोन फुलके आणि अर्धी वाटी भात यापुढे कधी हात जात नाही. त्या दिवशी आठ वेळा उठले, मी मोजलं. चौथ्या वेळी म्हटलं, "अहो, पुरे की." तर म्हणाले, "अगं, पैसे भरलेत पोरानं." पाचव्या वेळी भूक नव्हती, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. सहाव्या वेळी चव तरी लागत होती की नाही कोण जाणे. (हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. लिही म्हणाले, फक्त आठचे सात कर. करत नाही.)

शेजारच्या टेबलावर आपलीच माणसं होती. पिवळ्या झेंड्या शोधत फिरण्यावरूनच ओळखलं. दोन जोडपी, तीन मुलं. मुलांनी ताटं भरभरून आणली, एकेक घास घेतला आणि टाकलं. भाताच्या पिठाच्या आइस्क्रीमच्या गोळ्या, प्रत्येकीला एकच चावा. भिंतीवर पाटी होती, अन्न टाकल्यास जादा आकार. मग ती आई धाकट्याच्या तोंडात कोंबायला लागली, "संपव, नाहीतर पैसे लावतील." पोराचे डोळे भरून आले होते. पोरगं खातंय ते भुकेसाठी नाही, चवीसाठी नाही, दंड पडू नये म्हणून खातंय. आणि प्रत्येक गोळीवर पिवळी झेंडी होती. सगळं जैन होतं.

सांगलीला कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवला होता. सर लाडवाचं उदाहरण द्यायचे. पहिला लाडू अमृत, दुसरा छान, तिसरा ठीक, पाचवा नकोसा. एरवी माणूस थांबतो, कारण पुढच्या लाडवाला पैसे पडतात आणि तेवढं समाधान त्यातून निघत नाही. बुफेत पुढच्या लाडवाची किंमत शून्य. म्हणून माणूस नकोसा होईपर्यंत जातो आणि नकोसा झाल्यावरही जातो, कारण दारात भरलेले १,५९९ डोक्यातून जात नाहीत. ते पैसे तर गेलेलेच असतात. दोन घास खा नाहीतर दोनशे खा, त्यातला रुपया परत येत नाही. हिशेबाच्या भाषेत तो बुडीत खर्च. कोणताही व्यापारी बुडीत खर्चाच्या मागे आणखी माल घालत नाही. आपण मात्र पोट घालतो. आपल्या समाजाला व्यापार शिकवायची गरज नाही म्हणतात, पण त्या दिवशी आमच्या आणि शेजारच्या टेबलावर एकही व्यापारी बसलेला दिसला नाही.

गंमत बघा, बुफे हा प्रकार जपानचाही नाही. १९५८ मध्ये टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने युरोपच्या उत्तरेकडच्या देशांतली पद्धत उचलली आणि त्याला ‘वायकिंग’ नाव दिलं. त्या देशांचे जुने दर्यावर्दी लुटारू ते वायकिंग. तेव्हापासून जपानीत बुफेला तोच शब्द रूढ झाला. लुटारूंचं जेवण! आपण त्याला ‘स्नेहभोजन’ म्हणतो. जपानची स्वतःची जुनी शिकवण याच्या उलट आहे. पोटाचे दहा भाग धरले तर आठ भरले की थांबावं. काइबारा एक्केन नावाच्या विद्वानाने १७१३ मध्ये आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यातही कमी खाण्यावरच सगळा भर आहे. ओकिनावा बेटावरचे म्हातारे अजून जेवायला बसताना ही म्हण बोलून दाखवतात. अन्न वाया गेलं की हळहळ वाटते, त्या हळहळीला त्यांच्याकडे ‘मोत्ताइनाइ’ असा शब्द आहे. म्हणजे जपानकडून घ्यायचंच तर घेण्यासारखं पुष्कळ आहे. आपण नेमकी सुशी उचलली, आणि तीही अनलिमिटेड.

आपल्याकडे तर यावर शास्त्रच आहे. बाह्य तपं सहा. त्यातली पहिली चार अन्नाचीच. अनशन म्हणजे उपवास, तो सगळ्यांना माहीत आहे, त्याचे सत्कार होतात, फोटो लागतात. पण पुढची तीन? अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि बाईचा २८ धरला आहे, त्यातून एक घास कमी केला तरी ते तप. वृत्तिपरिसंख्यान म्हणजे आधी मर्यादा ठरवून घेणं. मुनिराज आहाराला निघताना मनाशी नियम धरतात ना, ते. रसपरित्याग म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही सोडणं. ही तिन्ही तपं उपवासाच्या दिवसाची नाहीत, जेवणाच्या दिवसाची आहेत. आचार्यांना पक्कं ठाऊक होतं की माणूस उपवास करील आणि पारण्याला सगळं वसूल करील. म्हणून जेवताना थांबणं हेही त्यांनी तपात घातलं. श्रावकाच्या व्रतांतही भोगोपभोग परिमाण आहे. त्यातला परिमाण हा शब्द नीट ऐका. माप. किती, हा त्याचा प्रश्न आहे.

आणि आपण गेली कित्येक वर्षं फक्त ‘काय’ हेच विचारत आलो. जैन आहे का? आहे. मग आण, आणखी आण.

माझ्या सासूबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण रोज सकाळी देवदर्शन झालं की आजचे नियम मनाशी बोलायच्या. आज पाच पदार्थ, आज गोड नाही, आज दोन वेळा पाणी. पिठाच्या डब्यावर खडूने तारीख घालायच्या, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, त्यापुढे ते पीठ नाही. सगळ्या गोष्टींना माप. मी नवीन होते तेव्हा मला ते जाचक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता माझा गुन्हा सांगते. २०१४ मध्ये मुलाचं लग्न झालं तेव्हा मीच ४० पदार्थ ठेवले होते. चायनीज, मेक्सिकन, चाटचे वेगळे, सगळं ‘जैन’. घोळक्यात उभी राहून मी अभिमानाने सांगत होते, एकही पदार्थ कांद्याचा नाही हो! सासूबाई तेव्हा ८३ वर्षांच्या. खुर्ची मागून बसल्या, वरणभात, एक भाजी, एक जिलेबी घेतली आणि त्या काउंटरांकडे बघत मला म्हणाल्या, "बाकीचं कुणासाठी गं?" मी हसून विषय बदलला. रात्री कॅटररची माणसं पिंपात ओतत होती तेव्हा मला उत्तर मिळालं. तो आवाज अजून कानात आहे. आपण पाणी गाळून पितो, संध्याकाळी चुलीपाशी जीव येऊ नयेत म्हणून जपतो. आणि त्या पिंपात रात्रभर किती जीव उत्पन्न झाले असतील याचा हिशेब कोण ठेवणार? मीच केलं होतं ते, नियमात बसवून केलं होतं.

माझ्या सूनबाईंशी यावर बराच वाद झाला. तिचा मुद्दा मी प्रामाणिकपणे मांडते, कारण तो हलका नाही. ती म्हणाली, "आई, आमच्या ऑफिसात पार्टी असते तेव्हा मी जैन हा शब्द ताठ मानेने सांगते. तो शब्द बाजारात नसता तर आम्ही उपाशी राहिलो असतो, नाहीतर सोडून दिलं असतं. मुलांना सुशी जैन मिळते म्हणून ती अजून जैन आहेत." हे खरं आहे, मी मान्य करते. आमच्या वेळी प्रवासात दशमीचा डबा होता, पोरांना तो कोण देणार? परगावी, परदेशी राहणाऱ्या मुलामुलींनी तो शब्द टिकवला, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी हॉटेलात जावं, जैन मागावं, मिळेल ते दोन घास समाधानाने खावेत. पण त्याच वादानंतर आठवड्याने सात वर्षांचा नातू फोनवर मला विचारतो, "आजी, जैन म्हणजे विदाउट ओनियन ना?" सूनबाई मागे उभी होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. नातवाला मी काय सांगितलं ते नंतर कधीतरी लिहीन. पहिल्या खेपेला नीट जमलं नाही.

आणि हॉटेल वेगळं, क्षमावणी वेगळी. दहा दिवस आपण काय करतो? सहाव्या दिवशी उत्तम संयम, सातव्या दिवशी उत्तम तप, आठव्या दिवशी उत्तम त्याग, नवव्या दिवशी आकिंचन्य. प्रवचनाला बसतो, माना डोलावतो. मग क्षमावणीला हात जोडून समस्त जीवांची क्षमा मागतो आणि तिथून उठून सहा काउंटरांपुढे ताट घेऊन रांगेत उभ्या राहतो? शिवाय साडेपाच ते साडेसात. सप्टेंबरच्या सुरुवातीला ठाण्यात पावणेसातलाच सूर्य मावळतो, हे वेळ ठरवताना कुणी पाहिलं होतं का? कॅटररने पाहिलं नाही हे समजू शकते. आपण चौदा जणी बसलो होतो.

त्या जेवणाचा शेवट सांगायचा राहिला. रात्री दोन वाजता हे गॅलरीत फेऱ्या मारत होते, छातीत जळजळ. सकाळी उपाशीपोटी साखर २१२. दिवसभर ताकावर राहिले. मुलाचा फोन आला, "बाबा, कसं होतं?" हे म्हणाले, "छान, छान." पोराचं मन कोण मोडणार? मीही छानच म्हटलं, आणि शेंगा खरंच छान होत्या.

तर आता मंडळासाठी माझं म्हणणं. मी हिशेब करून ठेवला आहे. आपण साधारण २४० माणसं. बुफेचे ८५० प्रमाणे २,०४,००० रुपये होतात. पंगत केली, आचारी एक, वाढायला आपण, तर आजच्या भावाने ताटामागे ३२० पुरतात, म्हणजे ७६,८००. उरले १,२७,२००. ते कुठे द्यायचे ते बैठकीत ठरवू, माझा आग्रह नाही. पदार्थ सात: भात, मुगाची आमटी, दुधीची भाजी, मटकीची उसळ, पुरी, काकडीची कोशिंबीर, एक गोड. कोशिंबीर दह्याशिवाय, लिंबू पिळून. आमटी-उसळीच्या पंगतीत दही नको, हे तुम्हाला सांगायला नको. पंगत पावणेपाचला बसेल, सव्वासहाला उठेल. पानात वाढण्याआधी विचारायचं, आग्रह करायचा नाही. मला माहीत आहे, आग्रह न करता वाढणं आपल्याला सुशीपेक्षा अवघड जाणार आहे.

शनिवारी साडेचारला मंदिराच्या हॉलमध्ये पुन्हा बैठक आहे. ज्यांना काउंटर हवे आहेत त्यांनी जरूर यावं, मला समोर बसून सांगावं, मी ऐकेन. ज्यांना पंगत पटते त्यांनी वाढपाच्या वहीत नावं लिहावीत. आतापर्यंत दोन आहेत, माझं आणि ह्यांचं. हे पुऱ्या वाढणार म्हणतात. त्यांना गोडाकडे ठेवायचं नाही, एवढं कुणीतरी बघा.